सावली कोणाची? : बाबांच्या पलटणीतल्या फोटोंच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार, नौपाडा, ठाणे

पावसाआधी माळा आवरायला घेतला आणि बाबांची ट्रंक खाली काढली. काळ्या पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आत डिस्चार्ज बुक, लोकरी मोज्यांचा एक जोड, आईने ५६ एपीओच्या (लष्करी टपालाच्या) पत्त्यावर पाठवलेली पत्रं, आणि मिठाईच्या खोक्यात फोटो. मोजले, १३८ भरले.

बाबा खाटेवर बसून एकेक फोटो हातात घेत होते. पहिल्या सहा फोटोंतल्या सगळ्यांची नावं त्यांनी गावासकट सांगितली. सातव्यावर थांबले. फोटो घेऊन बाल्कनीत उजेडाला गेले, चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. "ह्याला आम्ही 'पैलवान' म्हणायचो," म्हणाले. नाव आठवेना. रात्री जेवतानाही ते गप्पच होते.

बाबा ७५ वर्षांचे आहेत. १९६८ साली भरती, बेळगावला रंगरूट, नंतर १ मराठा लाइट इन्फंट्री. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. त्या सहा फोटोंतली नावं मी आज लिहून घेतली नसती तर ती कोण लिहिणार होतं? म्हणून आजपासून हे काम सुरू.

१२ जून

आधी पद्धत ठरवली. फोटोची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या. मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी 'आईस दाखवणे' असं काहीतरी लिहिलेलं असतं. नोंदवहीत रकाने असे: क्रमांक, स्थळ, काळ, डावीकडून कोण कोण, कोणी सांगितलं, खात्री. 'खात्री' मध्ये तीनच शब्द चालतील: पक्की, अंदाज, दोन मतं.

१३८ पैकी ९६ फोटो सव्वादोन इंची चौकोनी आहेत. हे अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचं माप. १२० नंबरचा रोल, एका रोलवर बारा फोटो. मोठी प्रिंट परवडायची नाही, म्हणून निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढलेली. बारा माणसं रांगेत उभी असली की एकेक चेहरा तिळाएवढा. म्हणून हे १२०० डीपीआयवर स्कॅन करते आहे, बाकीचे ६०० वर.

ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी आताच लिहून ठेवते. काळ्या भागावर आलेली चंदेरी झाक पुसायला जाऊ नये. ती चांदी फोटोतलीच असते, घासली की चित्रच जातं. आणि ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत. आमच्याकडचे १४ तसे आहेत. ते जागेवरच ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपले. ठाण्याच्या दमट हवेत बुरशी धरतेच, तेव्हा खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, न दाबता.

२३ जून, रविवार

७१ फोटो झाले. एक गोष्ट लक्षात आली आणि आता ती डोक्यातून जात नाही.

अकरा फोटोंत खालच्या बाजूला जमिनीवर एक सावली आहे. दोन्ही कोपर वर उचललेले, डोक्यावर काही नाही. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा असं तेव्हा सगळेच सांगत, त्यामुळे सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढणाऱ्याची सावली फोटोत शिरायचीच. क्रमांक ३१ मध्ये ती इतकी लांब पडली आहे की पुढे बसलेल्याच्या बुटाला टेकते.

बाबांना विचारलं, हे काढले कोणी? म्हणाले, "कुणीतरी काढायचं. आम्ही उभे राहायचो." ज्याने ही सगळी माणसं आमच्यापर्यंत पोचवली तो स्वतः एकाही फोटोत नाही. नोंदवहीत आणखी एक रकाना आखला: 'सावली कोणाची'.

७ जुलै

एकट्या बाबांच्या आठवणीवर हे होणार नाही. त्यांच्या जुन्या डायरीतल्या नऊ नंबरांवर फोन केले. पाच बंद. दोन ठिकाणी मुलांनी सांगितलं, बाबा गेले. एका घरी सूनबाईंनी फोन काकांच्या कानाला लावला, पण त्यांना आता ओळख पटत नाही. नववा लागला, तो चुकीचा होता.

तरीही काम पुढे सरकलं ते फौजी कॅन्टीनच्या रांगेत. बाबा तेलाचा डबा आणायला गेले होते. पुढच्या माणसाच्या पिशवीवर पलटणीचं नाव छापलेलं होतं. विचारपूस झाली. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ऐरोलीत मुलाकडे राहतात. ऐरोली ठाण्याहून लोकलने दुसरंच स्टेशन. बाबा नोकरीत असताना रोज त्याच बाजूला जात होते.

२१ जुलै, ऐरोली

धो धो पाऊस. फोटो प्लास्टिकच्या डब्यात, डबा छातीशी धरून ट्रान्सहार्बरने गेलो.

दार सुभेदारकाकांनीच उघडलं. वय ८१. बाबांचे गुडघे दुखतात, जिना ते कठड्याला धरून चढले होते. पण काका दिसताच पाय जुळवून उभे राहिले आणि "राम राम, साहेब" म्हणाले. काका तेव्हा नाईक होते, बाबा शिपाई. काकांनी "राम राम" म्हणून त्यांना जवळ घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला: "सेट कोण उचलतं आता?" बाबा वायरलेसवर होते, संच त्यांच्या पाठीवर असायचा.

मग फोटो मांडले. इथून पुढे तीन तास मी फक्त लिहीत होते. त्यातलं महत्त्वाचं इथे.

फोटो १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळचे, पण लढाईतले नाहीत. लढाईत कॅमेरा कोण काढणार? थोडे आधीचे, बरेचसे १६ डिसेंबर १९७१ नंतरचे. पण प्रत्येक फोटोला धरून लढाई बाहेर येते. क्रमांक ४४ मध्ये चौघे नदीकाठी बसले आहेत. काका म्हणाले, ही ब्रह्मपुत्रा. त्यांची ब्रिगेड ९५ माउंटन, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर. कमालपूरची पाकिस्तानी चौकी ४ डिसेंबरला पडली, तिथून बक्षीगंज आणि मग जमालपूर. जमालपूरला ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण भक्कम बसलेली. समोरून न धडकता रात्री नदी ओलांडून मागे जायचं ठरलं. सामान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून गेलं. मराठ्यांनी जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवला.

क्लेरसाहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि उत्तरात कागदात गुंडाळलेली गोळी आली, हे पुष्कळ ठिकाणी छापून आलंय. काका त्यावर एवढंच म्हणाले, "चिठ्ठीचं आम्हाला मागाहून कळलं. आम्हाला त्या रात्री फक्त रस्ता माहीत होता." १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातले सैनिक त्याच रस्त्याने बाहेर पडायला धावले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. ११ तारखेला जमालपूर पडलं.

ती रात्र काकांनी पुढे सांगितली नाही. बाबांनीही नाही. दोघं बराच वेळ क्रमांक ४४ कडेच पाहत बसले. चौघांपैकी दोघे म्हणजे हे दोघेच, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी घरी ते सांगितलं नव्हतं. 'अंदाज' म्हणून नोंदवलं होतं. आता 'पक्की' केलं.

'पैलवाना'चं नाव काकांनी सांगितलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. परतीच्या गाडीत ते नाव त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

सावलीचं काकांनाही आठवेना.

२८ जुलै

काळ ठरवण्याचं काम. एका फोटोमागे शाईने 'बेळगाव १९७०' लिहिलंय, पण पुढच्या हवालदाराच्या छातीवर पाच टोकांचा तारा आहे. १९७१ च्या पूर्व आघाडीसाठीचं 'पूर्वी स्टार' हे पदक ताऱ्याच्या आकाराचं. पण १९६५ चा समर सेवा स्टारही तसाच, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत फितीचे रंग कळत नाहीत. सुटका अशी झाली: हा हवालदार बाबांच्या एकच वर्ष आधी, १९६७ ला भरती झालेला, हे सुभेदारकाकांना पक्कं माहीत आहे. म्हणजे १९६५ चा तारा असूच शकत नाही. मागचं साल नंतर कुणीतरी चुकीचं लिहिलंय. ते खोडलं नाही, नोंदवहीत खुलासा केला.

ढाक्याचे फोटो सोपे. आपलं सैन्य मार्च १९७२ मध्ये तिथून परतलं, त्यामुळे अवघ्या तीन महिन्यांचीच खिडकी आहे.

११ ऑगस्ट

सुभेदारकाकांच्या ओळखीने वाशीचे एक काका आले. हे आपल्या पलटणीचे नाहीत, २ पॅरा या छत्रीधारी पलटणीचे. बाबांनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली, त्याचं कारण आहे. २ पॅरा म्हणजे आधीची ३ मराठा. तेव्हा नावात कंसात 'मराठा' लागायचं. ११ डिसेंबर १९७१ ला दुपार कलताना हे टांगाईलला विमानातून छत्रीने उतरले आणि पुंगलीचा पूल धरला. उत्तरेकडून जमालपूर घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांना येऊन मिळाली ती जंगी पलटण. अंधारात पुढच्या माणसाने मराठीत हाक दिली, आणि समोरून शिवी आली तीही मराठीत, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, असं पॅराकाका सांगत होते. बाबांच्या मते तेव्हा अंधार नव्हता, संधिप्रकाश होता. खात्री: दोन मतं. दोन्ही लिहिली.

दोघं एका पुलावर, एका संध्याकाळी होते. नंतर पन्नास वर्षं एकाच खाडीच्या दोन अंगांना राहिले, आणि भेटले आज.

पॅराकाकांकडे उडीचा एकही फोटो नाही. आकाशभर छत्र्या असलेला जो फोटो तेव्हा जगभर छापला गेला, तो आग्ऱ्याच्या सरावातला जुना होता. लष्कराचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनीच तो दिला होता. काका म्हणाले, "माझ्या नातवाला वाटतं त्यातला एक मी. मी काही बोलत नाही." मला वाटतं, नातवाला सांगायला हवं. उडी खरी होती, तिला त्या फोटोची गरज नाही. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. काम बंद.

२९ सप्टेंबर, कळवा

हा दिवस नीट लिहायचा आहे.

क्रमांक ५८: लंगरची रांग. अकरा जवान हातात थाळ्या घेऊन उभे, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. डावीकडून चौथा जमालपूरला पडला. सुभेदारकाकांना त्याचं गाव आठवत होतं. गावी फोन केला तर कळलं, धाकटा भाऊ कळव्याला असतो. आज बाबा आणि मी गेलो.

भाऊ ६८ वर्षांचे. तार आली तेव्हा पंधरा वर्षांचे होते. भिंतीवर थोरल्याचा फोटो: भरतीनंतर स्टुडिओत काढलेला, ओठ घट्ट मिटलेले, नजर ताठ. घरात त्याचा हा एकच फोटो. पितृपक्ष चालू आहे, त्याला हार घातलेला होता.

मी क्रमांक ५८ मधला तेवढाच भाग मोठा करून नेला होता. त्यांनी तो हातात घेतला आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याचा पुढचा दात तुटलेला होता. विहिरीवर पडला होता. मी विसरलोच होतो की."

त्यांनी आतून बायकोला, मुलीला, नातवाला बोलावलं आणि प्रत्येकाला तो दात दाखवला.

बाबांनी त्यांना जमालपूरच्या रात्रीबद्दल सांगितलं. मला बाहेर बसायला सांगितलं होतं, म्हणून त्यातलं इथे काही नाही आणि असूही नये.

६ ऑक्टोबर

एका प्रश्नावर आमच्यात मतभेद झाले. शरण आलेल्या पाकिस्तानी सैनिकांचे चार फोटो आहेत. एका काकांचं म्हणणं, ते सगळ्यांत आधी दाखवा. माझं म्हणणं, जपून ठेवा, स्कॅन करा, पण वाटू नका. त्यांच्याही घरी कुणीतरी असेल, आणि हरलेल्या माणसाला त्याला न विचारता दाखवत फिरणं मला पटत नाही. सुभेदारकाकांनी निकाल दिला: "पोरगी बरोबर बोलतेय. शस्त्र खाली ठेवलं की तो पाहुणा." चारही वेगळ्या पाकिटात ठेवले.

२० ऑक्टोबर

सावली सापडली.

आज घरी चौघे जमले: बाबा, सुभेदारकाका, पॅराकाका आणि कळव्याच्या भावांनी शोधून दिलेले ड्रायव्हरकाका. हे पलटणीचा निसान वनटन ट्रक चालवायचे. क्रमांक ५८ टीव्हीवर मोठा करून लावला होता, थाळीवाल्यांची राहिलेली दोन नावं मिळवायची होती. ड्रायव्हरकाका नावं सोडून फोटोच्या खालच्या कडेकडे बघत होते. तिथे एक गोल, काळपट कड दिसते. मी ती इतके दिवस डाग समजत होते.

"ही देग आहे, स्वयंपाकाचं मोठं भांडं," ते म्हणाले. "फोटो चुलीच्या अंगानं काढलाय. तिकडं दुसरं कोण उभं राहणार?"

सगळ्यांना एकदम आठवलं. लांगरी! पलटणीचा स्वयंपाकी, साताऱ्याकडचा. कॅमेरा त्याचाच. लढाईत लंगर मागच्या गाड्यांबरोबर असायचं, म्हणून कॅमेरा रेशनच्या पेटीत, डाळीच्या पोत्यांमध्ये सुखरूप राहिला आणि ढाक्यापर्यंत पोचला. ड्रायव्हरकाकांच्याच गाडीतून. रोल धुवायला पैसे लागत, म्हणून तो प्रिंटमागे थोडे घ्यायचा. बडा खाना (पलटणीची मेजवानी) झाला की रात्री भांडी उरकून फोटो वाटायचा.

बाबा अस्वस्थ झाले. "दोन वर्षं त्याच्या हातचं जेवलो. आणि मला आठवला नाही." काका कुणीच काही बोलले नाहीत. मलाही सुचलं नाही. चहा ठेवला.

१० नोव्हेंबर, कोपरखैरणे

साताऱ्याच्या त्या भागातली कितीतरी घरं माथाडी कामासाठी इकडे आली, म्हणून कोपरखैरण्यात विचारायचं ठरलं. ड्रायव्हरकाकांनी दोन रविवार घालवले आणि लांगऱ्यांचा मुलगा शोधला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

निगेटिव्ह होत्या, असं तो म्हणाला. बिस्किटाचा अख्खा डबा. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं, आणि सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला. तो टाकून दिला. मी काही बोलले नाही. त्या दिवशी ज्याच्या घरात पाणी होतं त्याने आधी माणसं वाचवली, हे बरोबरच.

एक गोष्ट मात्र वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. लाल कापडी पुठ्ठ्याची हिशोबाची वही. तारीख, रोलचा आकडा, कोणता फोटो, आणि कोणी किती प्रती घेतल्या, पैसे दिले की बाकी. बाळबोध अक्षर, पेन्सिलीतलं. 'नदीकाठ, चौघे.' 'ताटवाले, अकरा.' आणि खाली अकरांचीही नावं.

जून महिन्यापासून मी जी नावं गोळा करत होते, ती त्याने तेव्हाच लिहून ठेवली होती.

मुलाने वही दिली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही. त्याच्या घरीच बसून पानं टिपली. ६२ पानं.

२४ नोव्हेंबर

वही आणि फोटो जुळवले. ज्या ४० चेहऱ्यांना नाव नव्हतं त्यातल्या ३३ जणांना मिळालं. बाबांनी आणि सुभेदारकाकांनी 'पक्की' म्हणून सांगितलेल्यातली पाच नावं वहीशी जुळली नाहीत. विचारलं तेव्हा सुभेदारकाका म्हणाले, "वही धर. तो रोज आमची नफरी, म्हणजे माणसं, मोजून भाकऱ्या करायचा. तो चुकणार नाही."

वहीत बाबांच्या नावापुढे 'दोन प्रती, बाकी' असं आहे.

१५ डिसेंबर, रविवार

उद्या विजय दिवस. ज्याला जिथे जायचंय तिथे जाता यावं म्हणून आजच सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. नऊ जण आले, दोघे चाकाच्या खुर्चीवर. कळव्याचे भाऊ आले. लांगऱ्यांचा मुलगा त्याच्या दोन मुलींना घेऊन आला.

त्याने वडिलांना गणवेशात कधी पाहिलेलं नव्हतं, आणि आम्ही त्याला तसा फोटो देऊ शकलो नाही. ९६ फोटोंत ते नाहीतच. मी क्रमांक ३१ मोठा करून लाकडी चौकटीत बसवला होता. मुलीने विचारलं, ह्यात आजोबा कुठे आहेत. ड्रायव्हरकाका कसेबसे खाली वाकले आणि जमिनीवरच्या त्या लांब सावलीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. कोपर बघ, असं धरायचा." आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कोपर वर उचलून दाखवले. मग तिनेही उचलले.

बाबांनी त्या दोन प्रतींचे पैसे पाकिटात घालून आणले होते. मुलगा घेईना. शेवटी पाकीट त्या लाल वहीत, बाबांच्या नावाच्या पानावर ठेवलं गेलं. ओळीपुढचं 'बाकी' मात्र बाबांनी कुणाला खोडू दिलं नाही. ते त्याचं अक्षर आहे, म्हणाले.

रात्री घरी येऊन नोंदवही उघडली. अकरा फोटोंसमोरचा 'सावली कोणाची' हा रकाना भरला: नाव, हुद्दा, गाव. खात्री: पक्की.

राहिलेलं काम: सात चेहरे. त्यातल्या तिघांचं गाव वहीत आहे, नाव पुसट आहे. जानेवारीत बाबा आणि मी साताऱ्याला जाणार.